खंडेनवमीचा हल्ला

जगदंबा हॅचरीत बटण दाबलं की ट्यूबलाइट आधी परवानगी मागायची.

बटण आणि ट्यूब यांच्यात अंतर चार हातांचं. पण बटणाचा निरोप सरळ ट्यूबकडे जात नसे. तो भिंतीतून वर, छतावरच्या तबकडीतून आकाशात आणि तिथून कुठल्याशा देशातल्या कुठल्याशा इमारतीत जायचा. तिथे त्याची झडती व्हायची. तू कोण, कुणी पाठवलं, खिशात काय आहे. निरोप सज्जन ठरला की शिक्का घेऊन परत यायचा आणि मग विट्याजवळच्या त्या ऑफिसात उजेड पडायचा. हे सगळं पापणी लवेपर्यंत होऊन जायचं. पण पापणी लवायलाही थोडा वेळ लागतोच, आणि तेवढ्यात ऋतुजा बाबरला रोज सकाळी वाटून जायचं की आज बहुतेक नाही म्हणणार.

ऋतुजा हॅचरीची मॅनेजर होती. हॅचरी म्हणजे अंडी उबवायचा कारखाना. एका दाराने अंडी आत येतात, तीन आठवड्यांनी दुसऱ्या दाराने पिल्लं बाहेर पडतात, आणि मधल्या काळात कोंबडीची गरज कुठेच लागत नाही. ऊब यंत्र देतं. अंडी या कुशीवरून त्या कुशीवर यंत्रच वळवतं. शेवटचे तीन दिवस अंडी हॅचर खोलीत जातात. तिथे कवचं फुटतात आणि ओल्या पिल्लांचा एवढा चिवचिवाट होतो की आत शिरलेला माणूस बाहेर आल्यावरही काही वेळ मोठ्याने बोलत राहतो.

तीन वर्षांपूर्वी शेजारच्या जिल्ह्यातल्या एका हॅचरीत कुणीतरी परका संगणकातून शिरला आणि त्याने तापमान वाढवून ठेवलं. लाखभर अंडी जागच्या जागी उकडली. कुणी खाल्लीसुद्धा नाहीत. शेवटी गेल्या दिवाळीत विमेवाल्यांनी सांगितलं की नभकवच कंपनीचा पहारा घ्या, नाहीतर विमा विसरा.

त्याआधी ऑफिसच्या कपाटात एक काळा डबा असे. फायरवॉल म्हणायचे त्याला. बाहेरून आत येणारं आणि आतून बाहेर जाणारं तो तपासायचा. आतल्या आत यंत्रं एकमेकांशी काय बोलतात याची त्याला पंचाईत नसे. सलगर नावाचा एक इसम महिन्यातून एकदा स्कूटरवर यायचा, डब्यावरची धूळ फुंकायचा, चहा प्यायचा आणि 'ठीक आहे' म्हणून जायचा. नभकवचाला डबा लागत नव्हता. सगळी तपासणी वर, आकाशात. त्यामुळे डबा निवृत्त झाला, सलगर निवृत्त झाला आणि गेटवरचा वॉचमनही गेला. वर एवढा मोठा वॉचमन बसवल्यावर खाली स्टुलावर आणखी एक कशाला, असं मालक तात्या खाडे म्हणाले.

उत्तर आलं नाही तर 'नाही' समजायचं, हा नभकवचाचा पहिला नियम. हा नियम तात्यांना गेल्या पावसाळ्यात नीट समजला. छतावरच्या तबकडीत एक माकड येऊन बसलं आणि आकाशाशी संपर्क तुटला. तात्या तेव्हा संडासात होते. संडासाच्या कडीने उघडायची परवानगी मागितली, उत्तर आलं नाही, म्हणून कडी उघडली नाही. माकडाने केळं खाल्लं, साल खाल्लं, अंग खाजवलं, डोंगराकडे बघत बराच विचार केला. तात्यांनी तेवढ्यात फिनेलच्या बाटलीवरचा मजकूर तोंडपाठ केला. नंतर कंपनीने दिलगिरी म्हणून एक छत्री पाठवली. छत्रीवर छापलं होतं, 'आम्ही सदैव वर आहोत.'

"चांगली हाय छत्री," तात्या म्हणाले, आणि विषय मिटला.

खंडेनवमीला हत्यारं पुजतात. शेतकरी कुळव पुजतो, सुतार रंधा पुजतो, आणि औद्योगिक वसाहतीत जो तो आपापलं यंत्र पुजतो. जगदंबा हॅचरीत रीत अशी की मुहूर्तावर मेन बोर्डवरून सगळी यंत्रं एकदम बंद करायची, प्रत्येकाला कुंकू-फूल वाहायचं, नारळ फोडायचा आणि सगळी एकदम चालू करायची. कोंबडीसुद्धा अंड्यांवरून उठून पाय मोकळे करून येतेच. तेवढ्याने अंड्यांना काही होत नाही. पूर्वी फायरवॉलचा डबाही बंद करून पुजायचे. सगळा कारखाना गप्प झालेला असताना पहारेकरीही गप्प असायचा, त्यामुळे कारखाना गप्प झाला हे त्याला कधी कळलंच नाही.

यंदा गुरुजींनी दोन मुहूर्त दिले होते. साऱ्या वसाहतीने दुपारचा धरला. तात्यांनी सकाळचा धरला, कारण हॅचर खोलीतली पिल्लं दुपारी बाहेर काढायची होती.

सुट्टीचा दिवस, त्यामुळे कारखान्यात तिघंच होती. तात्या, ऋतुजा आणि सुलाक्का. सुलाक्का म्हणजे सुलोचना निकम. हॅचरी सुरू झाली त्या दिवसापासून कामाला. पिल्लू हातात घेतलं की जगणार की नाही हे सांगायची, आणि माणसांबद्दलही तसंच काहीबाही बोलायची.

तात्यांनी सतरंजीवर पहार, पाने, हातोडा, टिकाव मांडले. सुलाक्काने ताटात हळद, कुंकू, झेंडू घेतला आणि ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मालक, त्या नव्याला कुंकू कुठं लावायचं?"

"कुठल्या नव्याला?"

"त्या वरच्या वॉचमनला. वर्षभर राखण करतोय न्हवं? त्येला वगळून कसं चालंल?"

तात्यांनी वर छताकडे पाहिलं. "तबकडीला लाव."

"तबकडी म्हंजे त्येचा कान. कानाला कुंकू लावत्यात का कुठं? कपाळ कुठाय त्येचं?"

"परदेशात असेल," ऋतुजा म्हणाली.

"मग बसा. परदेशात कोन जातंय ताट घेऊन."

शेवटी तात्यांनी माळ्यावरून जुना काळा डबा काढला, पुसला आणि नभकवचाच्या वतीने त्यालाच हार घातला. डबा छान दिसत होता. त्याच्या अंगावर एक गोष्ट होती जी नव्या पहारेकऱ्याकडे नव्हती. बंद करायचं बटण.

मुहूर्त आला. तात्यांनी मेन बोर्डवरचा दांडा खाली ओढला. पंखे थांबले, मोटारी थांबल्या, आणि हॅचरीत ती शांतता पसरली जी वर्षातून एकदाच ऐकू येते. सुलाक्का ताट घेऊन निघाली. यंत्रांच्या पाठीमागे कुंकू लावायची तिची पद्धत नव्हती. ती समोर उभी राहायची, यंत्राकडे नीट बघायची आणि कपाळाला लावायची. नव्या यंत्रांना कपाळाच्या जागी नेमका कॅमेरा होता.

शेवटची हॅचर खोली. ती आत गेली तेव्हा दार तिच्यामागे आपोआप लागलं. ते नेहमीच लागायचं.

"नारळ!" तात्या ओरडले, नारळ फोडला, आणि दांडा वर केला.

खाली असं झालं. वरून काय दिसलं ते वेगळं होतं.

वरून दिसलं ते असं, की एका कारखान्यातली यंत्रं एकाच क्षणी नाहीशी झाली. मग, सगळं बंद असताना, बॅटरीवर चालणारे त्यांचे डोळे एकामागून एक लाल झाले आणि आंधळे झाले. मग सगळी यंत्रं पुन्हा एकाच क्षणी उगवली आणि एका दमात परवानग्या मागू लागली. नभकवचाने जगभरात लाखो हल्ले पाहिले होते. इतका शिस्तीचा हल्ला त्याने पाहिला नव्हता. शत्रू आत आहे, यंत्रं फितूर झाली आहेत, माणसांच्या ओळखी चोरीला गेल्या आहेत, असा निष्कर्ष त्याने काढला. तो अगदी तर्कशुद्ध होता. त्याने जगदंबा हॅचरीला बाकीच्या जगापासून तोडलं आणि प्रत्येक यंत्राला हुकूम दिला की सुरक्षित अवस्थेत जा. हॅचर खोलीची सुरक्षित अवस्था बर्ड फ्लूच्या वर्षी ठरवलेली होती. दार बंद, झडपा बंद, पंखे बंद. रोग बाहेर जाऊ नये म्हणून.

ऋतुजा बाहेरच्या बोळातून गेली तेव्हा दाराच्या जाड काचेवर आतून कुंकवाचा पंजा उमटलेला होता आणि पंज्यामागे सुलाक्काचा चेहरा होता. ओठ हलत होते. काचेतून आवाज येत नसे.

आक्का काचेलाही सोडत नाही, असं ऋतुजाला वाटलं. तिने हसून हात जोडले. सुलाक्काने आणखी जोरात काचेवर हात ठेवला. ऋतुजाने आणखी वाकून नमस्कार केला आणि ती पेढे खायला गेली.

दोन पेढे खाल्ल्यावर तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. ट्यूबलाइट अजून लागली नव्हती. मोबाइल बघितला तर पडद्यावर फक्त एक लाल ढाल होती; काही दाबलं तरी ढाल हलेना. तात्यांच्या मोबाइलवरही ढाल. कामावरच्या सगळ्यांचे मोबाइल नभकवचातूनच चालायचे.

"तात्या, पंखे चालू झाले?"

"झाले असतील की. दांडा वर हाय."

दोघंही कान देऊन ऐकायला लागले. यंत्रांचा आवाज नव्हता. खूप लांबून, भिंतींच्या पोटातून आल्यासारखा चिवचिवाट तेवढा होता.

ऋतुजा पळाली. काचेवर पहिल्या पंज्याखाली दुसरा पंजा उमटला होता. त्याच्याखाली तिसरा. तिसऱ्याची बोटं खाली ओघळली होती. सुलाक्का दाराला पाठ लावून खाली बसली होती आणि तिच्या पदरावर, मांडीवर, ताटातल्या हळदीत पिल्लं चढत होती. चोच उघडी ठेवून. सगळ्यांना एकच हवा होती आणि ती संपत आली होती.

दाराच्या कडीपुढे ऋतुजाने चेहरा धरला. लाल. तात्यांनी धरला. लाल. तात्यांनी मेन दांडा खाली-वर केला. कडीला स्वतःची बॅटरी होती. आतून उघडायचा दांडाही होता, पण तोही विचारूनच हलत असे.

सगळ्या कारखान्यात एकच वस्तू चालू होती. ऑफिसच्या भिंतीवरची तक्रारीची पाटी. तक्रार ऐकायला नभकवच नेहमीच तयार असे.

"नमस्कार!" पाटीतून गोड आवाज आला. "नभकवच परिवारात आपलं स्वागत आहे. आपल्या आस्थापनेवर हल्ला झाला आहे. चिंता नसावी. तो आम्ही परतवून लावला आहे."

"हल्ला नाही, पूजा होती! हॅचर खोलीत माणूस अडकलंय, दार उघडा!"

"हॅचर खोलीत कोणीही मनुष्य नाही."

"सुलोचना निकम आहेत आत!"

"सुलोचना निकम यांची ओळख सुरक्षेसाठी रद्द करण्यात आली आहे. खोलीत एक अनोळखी उष्ण वस्तू आहे."

"ती वस्तू म्हणजेच सुलाक्का!"

"माहितीबद्दल आभार. आपण कोण?"

"ऋतुजा बाबर. मॅनेजर."

"ऋतुजा बाबर यांचीही ओळख रद्द करण्यात आली आहे. ती पुन्हा पटवण्यासाठी आपल्या मोबाइलवर सहा आकडे पाठवले आहेत. कृपया वाचून दाखवा."

"मोबाइल तुम्हीच बंद केलाय!"

"बरोबर."

"मग आकडे कसे येतील?"

"आकडे आले होते," आवाज म्हणाला. "आम्ही ते अडवले."

तात्या मागून पुढे झाले. "ए बाई, कुणीतरी माणूस दे की बोलायला. जिता माणूस."

"मानवी प्रतिनिधीशी बोलण्यासाठी आपली ओळख पटणं आवश्यक आहे."

"आरं, मी मालक हाय! पैसं मी भरतोय!"

"पैसे मिळाले आहेत," आवाज म्हणाला. "धन्यवाद."

तात्या काही क्षण पाटीकडे नुसते बघत राहिले. संडासात फिनेलच्या बाटलीकडे बघितलं असेल तसे. ऋतुजा तोवर बोळात पोचली होती. तिने हातात येईल ते घेतलं. देवापुढचा दुसरा नारळ हातात आला. तिने सगळ्या ताकदीने तो काचेवर मारला. काच जशीच्या तशी. नारळाची मात्र बरोबर दोन शकलं झाली आणि पाणी पंज्यांवरून ओघळलं. इतका चांगला फुटलेला नारळ तात्यांनी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

"पहार आणा," ती ओरडली.

तात्या सतरंजीपाशी गेले आणि थांबले. पहारीवर कुंकू होतं, झेंडूचं फूल होतं. पूजेला बसलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत उचलायचं नसतं. त्यांच्या वडिलांनी एकदा उचललं होतं आणि त्याच साली त्यांचा पाय मोडला होता. आणि त्यापलीकडेही एक गोष्ट होती जी तात्या बोलले नाहीत. ती खोली सील असताना फोडली तर नियमाने आतलं एकूण एक पिल्लू नष्ट करावं लागतं, आणि सील फोडलं की विमाही बुडतो.

"तात्या!"

"आनतो... पर जरा दमानं. त्यो वरचा उघडंल न्हवं आता? गेल्या टायमाला उघडलंच की."

"गेल्या टायमाला आत तुम्ही होता," ऋतुजा म्हणाली. "आणि संडासाला खिडकी होती."

तात्या वाकले. त्यांनी पहारीवरचं फूल काढलं, डोक्याला लावलं, नीट बाजूला ठेवलं. मग पहार उचलली. फूल ठेवायला तेवढा वेळ लागलाच.

काच तीन घावांत तडकली, मग कोसळली. आतून जी हवा बाहेर आली ती ओली, गरम, वापरून टाकलेली होती. ऋतुजाला वाटलं होतं की काच फुटल्यावर चिवचिवाट अंगावर येईल. आला, पण तो एका खोलीचा नव्हता. तो एका टोपलीएवढा होता.

तात्यांनी पहार दाराच्या फटीत घातली आणि अंगाचा सगळा भार टाकला. कडी तुटली, दार हातभर सरकलं आणि पहार चौकटीत अशी अडकली की ती काही निघेना. तशीच राहू दिली. दोघांनी सुलाक्काला ओढून बोळात आणलं. तिचे ओठ निळसर पडले होते. मुठीत कुंकू होतं, घामाने भिजलेलं.

"आक्का. ओ आक्का."

बऱ्याच वेळाने सुलाक्काने डोळे अर्धे उघडले. ऋतुजाकडे बघितलं.

"हात... जोडतीस व्हय गं," ती म्हणाली. "मी काय... देव हाय?"

आणि पुन्हा डोळे मिटले. श्वास होता, पण मोजून मापून, लांबलांब येत होता.

"ऑक्सिजन लागणार," ऋतुजा म्हणाली. "वसाहतीतल्या हॉस्पिटलात न्यायचं. गाडी?"

पिल्लांच्या गाडीवर लाल ढाल. तात्यांच्या गाडीवर लाल ढाल. राहिला तात्यांचा जुना ट्रॅक्टर. तो कुणाला काही विचारत नसे, त्याला विचारायला तोंडच नव्हतं. सकाळी त्याला हार घातला होता, पुढच्या जाळीवर केळीचे खुंट बांधले होते. सुलाक्काला मागच्या ट्रॉलीत गोणपाटावर निजवलं. ऊन होतं म्हणून तात्यांनी ऋतुजाकडे वर धरायला छत्री दिली. 'आम्ही सदैव वर आहोत.'

निघता निघता ऑफिसच्या खिडकीतून गोड आवाज आला.

"आपल्याशी एक आनंदाची बातमी वाटून घ्यायची आहे. आजच्या प्रसंगातून आम्हाला हल्ल्याचा एक नवा नमुना मिळाला आहे. आम्ही त्याचं नाव 'लाल ठिपका' ठेवलं आहे. हा नमुना आमच्या सर्व ग्राहकांपर्यंत पोचवण्यात आला आहे. यापुढे यंत्रं एकदम बंद पडून डोळ्यावर लाल ठिपका दिसला, की कोणताही वेळ न दवडता संपूर्ण आस्थापना सुरक्षित करण्यात येईल."

ऋतुजा ट्रॉलीत एक पाय टाकून थांबली.

"सर्व ग्राहक म्हणजे कोण?"

"ते गोपनीय आहे," आवाज म्हणाला. "परंतु आपल्या वसाहतीपुरतं सांगायचं, तर सगळेच. आपल्यामुळे ते आज सुरक्षित झाले. त्यांच्या वतीने आपले आभार."

"तात्या," ऋतुजा म्हणाली, "दुपारचा मुहूर्त कधी?"

तात्यांनी उन्हाकडे बघितलं. ट्रॅक्टर सुरू केला.

वसाहतीचा रस्ता त्या दिवशी फार सुंदर दिसत होता. प्रत्येक गेटला झेंडूचं तोरण, प्रत्येक दारात रांगोळी. फौंड्रीच्या अंगणात माणसं नवे कपडे घालून उभी होती, एकाच्या हातात ताट होतं. दूध थंड करायच्या कारखान्यात लाउडस्पीकरवर आरती लागली होती. पलीकडे पाण्याची टाकी, जिथून अर्ध्या तालुक्याला पाणी जातं. तिच्या पंपघरावरही तोरण होतं.

"बंद करू नका! कुंकू लावू नका!" ऋतुजा ट्रॉलीत उभी राहून ओरडली. "कॅमेऱ्याला लावू नका!"

आरती मोठी होती, ट्रॅक्टरचा आवाज त्याहून मोठा. फौंड्रीतल्या माणसांना हार घातलेला ट्रॅक्टर दिसला, छत्री दिसली आणि हात हलवणारी बाई दिसली. त्यांनीही हात हलवले. एकजण ओरडला, "तात्या, पेढं राहिलं बरं का!"

"थांबू?" तात्यांनी मान वळवून विचारलं.

ऋतुजाने खाली बघितलं. सुलाक्काची छाती वर आली, आणि खाली जायला विसरल्यासारखी तशीच राहिली, मग गेली.

"नका थांबू," ती म्हणाली.

हॉस्पिटल वीस खाटांचं होतं, नवं, पुढची सगळी भिंत काचेची. तिथेही पूर्वी दारात एक म्हातारा वॉचमन असे. त्याला आता काढलेलं होतं. तात्यांनी ट्रॅक्टर थेट पायरीला लावला. ऋतुजा काचेच्या दारापुढे धावली. दाराने तिचा चेहरा पाहिला, थोडा विचार केला आणि तांबडं झालं. तिच्या चेहऱ्याची बातमी तिच्याआधी इथे पोचलेली होती.

आत, काचेपलीकडे, सगळी तयारी झालेली होती. दोन नर्सेस हात जोडून उभ्या होत्या. त्यांच्यामागे जाळीच्या दालनात हवेतून ऑक्सिजन गाळायचं मोठं यंत्र होतं. त्याला हार घातला होता. त्यातून निघालेल्या नळ्या भिंतीवरून वॉर्डात गेल्या होत्या, आणि पडद्यांच्या फटीतून खाटांचे पाय दिसत होते. यंत्रापुढे इलेक्ट्रिशियन उभा होता, नव्या पांढऱ्या शर्टात, एका हातात ताट, दुसऱ्या हाताचं बोट कुंकवात. यंत्राच्या कपाळावर एक छोटा कॅमेरा चमकत होता. भिंतीवर मेन बोर्ड. कुठल्याशा स्पीकरवर आरती चालू असावी, कारण नर्सेसची मान तालावर हलत होती.

ऋतुजा काचेवर धडका मारू लागली. आवाज तिच्याच बाजूला राहिला.

तात्या आवारात दगड शोधत होते. आवार सकाळीच झाडून, सडा घालून, रांगोळ्या काढून ठेवलेलं होतं. एक खडा दिसत नव्हता. पहार हॅचरीच्या चौकटीत अडकून पडली होती.

ऋतुजा ट्रॉलीकडे गेली, सुलाक्काची मूठ उघडली, ओलं कुंकू स्वतःच्या दोन्ही तळव्यांना फासलं आणि परत येऊन काचेवर पंजे मारले. एक. त्याच्याखाली दुसरा. नको, नको, असे तिचे ओठ हलत होते.

इलेक्ट्रिशियनने वळून पाहिलं. काचेवर कुंकवाचे दोन पंजे, आणि त्यांच्यामागे एक बाई. त्याचा चेहरा उजळला. त्याने बोटावरचं कुंकू सांभाळत ताट एका हातावर तोललं, मान झुकवली आणि ऋतुजाला नमस्कार केला.

ऋतुजाने आणखी जोरात हात आपटले. तो आणखी वाकला.

मग तो मेन बोर्डकडे वळला. सकाळी अशीच काच, हेच कुंकू समोर असताना ऋतुजाने दोन पेढे खाल्ले होते. त्याला कळायला किती वेळ लागेल?